कॅमेरा सुरू करण्याआधी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कॉलेजातल्या मुलांना एखादा सामाजिक विषय घेऊन दहा मिनिटांचा माहितीपट करायला सांगितला, की हमखास पुढं येणाऱ्या विषयांत ‘बेघर माणसं’ हा एक असतो. विषय सोपा वाटतो. एसटी स्टँडच्या बाकावर मुटकुळं करून झोपलेला माणूस सगळ्यांनीच पाहिलेला असतो. खिशात मोबाईल असतो आणि मोबाईलला चांगला कॅमेराही असतो. पुण्या-मुंबईच्या मुलांना पदपथ आहेत, उड्डाणपुलाखालच्या जागा आहेत. पण समजा, चंदगडच्या मुलांनी हा विषय घेतला, तर त्यांनी कुठं पाहायचं? कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाचा हा तालुका. कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ, आणि तिलारीचा घाट उतरला की दोडामार्ग, पुढं गोवा. भात, नाचणी, काजू, रताळी, ऊस पिकवणारा हा मुलूख. इथं बेघर कोण असणार, असं पहिल्यांदा मनात येतं. माहितीपटाचं काम या प्रश्नापासूनच सुरू होतं. आधी बेघर कुणाला म्हणायचं हे ठरवावं लागतं, कारण त्यावरच कॅमेरा कुणासमोर जाणार हे ठरतं.

सरकारी उत्तर जनगणनेत सापडतं. घर म्हणावं अशा कुठल्याही वास्तूत न राहता जी माणसं उघड्यावर, रस्त्याच्या कडेला, पदपथावर, सिमेंटच्या मोठ्या पाइपात, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या मोकळ्या आवारात किंवा रेल्वेच्या फलाटावर राहतात, ती बेघर. २०११ सालच्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री अशा माणसांची मोजणी झाली. देशभरात आकडा निघाला १७ लाख ७३ हजार. महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार. यातली एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. या १७ लाखांपैकी ८ लाख ३५ हजारांच्या आसपास माणसं ग्रामीण भागातली होती. म्हणजे बेघरपण हा शहराचाच रोग आहे, ही आपली समजूत जवळजवळ निम्मी चुकीची आहे.

सरकारी निवारे मात्र शहरांसाठी आखले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मोठ्या शहरांतल्या रात्रनिवाऱ्यांबाबत आदेश दिले. पुढं २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात, शहरी वस्तीच्या दर लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांची सोय होईल इतके कायमचे निवारे असावेत, असा निकष ठरला. माणशी किमान पन्नास चौरस फूट जागा. निकष चांगलाच आहे. पण चंदगड गावाची लोकसंख्या लाखाच्या कितीतरी खाली. या फूटपट्टीत ते बसतच नाही. माहितीपटाला विषय हवा असेल, तर हा एवढा मुद्दाही पुरेसा आहे.

तीन जागा, तीन प्रश्न

चंदगड तालुक्यात शोध घ्यायचा तर निदान तीन ठिकाणी जावं लागेल. पहिलं ठिकाण एसटी स्टँड, बाजारपेठेतल्या दुकानांच्या पायऱ्या, देवळाची ओसरी. इथं रात्री मुक्कामाला असणारी माणसं ही जनगणनेच्या व्याख्येत नेमकी बसणारी.

दुसरं ठिकाण म्हणजे गावाबाहेरच्या माळावर पडणारी भटक्यांची पालं. ब्रिटिशांनी १८७१ साली कायदा करून ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांची त्यातून कायद्यानं सुटका झाली ती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. कायदा गेला, संशय राहिला. गावात चोरी झाली की पहिली चौकशी पालावर होते. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० साली आलं तेव्हा पांढरपेशा मराठी वाचकाला हे जग पहिल्यांदा आतून दिसलं. या माणसांच्या डोक्यावर कापडाचं का होईना, छप्पर आहे. नाही तो पत्ता. आणि पत्ता नाही म्हणून शाळा, रेशन, जातीचा दाखला अशी सगळी दारं अर्धवट उघडी.

तिसरं ठिकाण उसाच्या फडाजवळ. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या जिल्ह्यात उतरतात. बीडकडच्या असतात, विजापूरकडच्याही असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मोकळ्या शेतात बांबू, पाचट आणि प्लॅस्टिकचा कागद यांची खोपी उभी राहते आणि चार-पाच महिने संसार तिथंच होतो. यांना गावाकडे घर आहे, पण त्या घराला वर्षातले पाच महिने कुलूप असतं. मग यांना बेघर म्हणायचं का? जनगणनेतली २८ फेब्रुवारीची रात्र ही गळीत हंगामातलीच रात्र. खोपीला घर म्हणून मोजायचं की नाही, हे मोजणाऱ्यापुढच्या व्याख्येवर अवलंबून.

मुलांनी या तिन्ही जागा जरूर पाहाव्यात, पण दहा मिनिटांत तिन्ही मांडायचा हट्ट धरू नये. दहा मिनिटं म्हणजे सहाशे सेकंद. एक दृश्य सरासरी सहा सेकंद टिकलं, तर शंभर दृश्यांत पट संपतो. एक जागा, दोन किंवा तीन माणसं आणि एक प्रश्न, एवढंच त्यात नीट बसतं. तो प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. ‘बेघरांच्या समस्या’ हे वाक्य नव्हे, तो निबंधाचा मथळा झाला. ‘ऊसतोडीला आलेल्या बाईला आजारी पडल्यावर दवाखान्यात पत्ता कुठला सांगावा लागतो?’ हे वाक्य. असं वाक्य हाताशी असलं की कुठलं चित्रण हवं आणि कुठलं नको, हे आपोआप कळत जातं.

पाऊस आणि पंचांग

चंदगडला काम करायचं तर वेळापत्रक पाऊस ठरवतो. जून ते सप्टेंबर इथं असा पाऊस लागतो की उघड्यावरचं चित्रीकरण विसरावं. ते चार महिने अभ्यासाचे. तहसील कार्यालयात, ग्रामपंचायतीत, शाळेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारपूस करायची. एरवी स्टँडबाहेर आणि माळावर दिसणारी माणसं या पावसात कुठं जातात, हा प्रश्नही याच दिवसांत विचारता येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ताम्रपर्णीचं पाणी कोवाडच्या बाजारपेठेत शिरलं होतं. चार भिंती असलेल्या माणसाचाही मुक्काम पुरात काही दिवसांपुरता दुसरीकडे कसा हलतो, ते तालुक्यातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. त्यांच्याशी बोललं तर मुलांना विषय परका वाटणार नाही.

ऊसतोडीचा विषय घेतला तर चित्रीकरण नोव्हेंबर ते जानेवारी, संकलन फेब्रुवारीत आणि पट तयार झाला पाहिजे होळीच्या आत. कारण हंगाम संपला की टोळी गावाला जाते. ज्यांच्यावर पट केला त्यांनाच तो दाखवायचा राहून गेला, तर काम अपुरं राहिलं असं समजावं.

दार नसलेल्या माणसाची परवानगी

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आपल्या घरी कुणी कॅमेरा घेऊन आलं आणि आपल्याला नको असलं, तर आपण काय करतो? दार लावून घेतो. घर असण्याचे जे पुष्कळ फायदे आहेत त्यातला हा मोठा फायदा. उघड्यावर राहणाऱ्या माणसाला तो नाही. तो जेवतो, आंघोळ करतो, भांडतो, आजारी पडतो, ते सगळं चारचौघांच्या देखत. त्याचं चित्रण करायला कुणाला काहीच अडचण येत नाही, आणि म्हणूनच ते करताना दहा वेळा विचार करायला हवा. त्याची परवानगी हेच त्याचं दार. ते आपण वाजवायचं आणि आतून ‘या’ म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

म्हणून पहिल्या तीन-चार भेटी कॅमेऱ्याशिवाय कराव्यात. मोबाईल खिशातच राहू द्यावा. ‘मावशी’, ‘मामा’, ‘आज्जी’ म्हणून आपण घरच्यांना हाक मारतो तशी हाक मारावी, जमिनीवर बसावं, आपण कोण, कुठल्या कॉलेजचे, हा पट कुठं दाखवणार, मोबाईलवर फिरणार की नाही, हे साध्या भाषेत सांगावं. चित्रीकरणाच्या दिवशी होकार पुन्हा विचारावा आणि पट पूर्ण झाल्यावर तिसऱ्यांदा. मधेच कुणी ‘नको’ म्हटलं तर ते चित्रण बाजूला ठेवावं, वाद घालू नये. झोपलेल्या माणसाचं चित्रण करू नये, हा तर नियमच करावा. स्टँडवरचं ते दृश्य कितीही परिणामकारक वाटलं, तरी झोपलेला माणूस होकार देऊ शकत नाही.

होकार कुणासमोर विचारतो, यालाही महत्त्व आहे. ऊसतोड मजुरानं मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत तो बांधलेला असतो. मुकादम शेजारी उभा असताना मजूर ‘हो’ म्हणतो, तो होकार नव्हे. आणि मुकादमाविरुद्ध बोललेलं वाक्य पटात ठेवलं, तर मुलं दुसऱ्या दिवशी कॉलेजात असतील; त्या वाक्याची किंमत मोजायला मागं तो मजूर असेल. अशा वेळी चेहरा टाळावा, नाव वगळावं, हातांचं, चुलीचं, खोपीचं चित्रण घ्यावं आणि गरज पडल्यास आवाजही बदलावा.

काही ठिकाणी कायद्यानंच रेघ आखली आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार ज्या मुलाला घर नाही, ठरलेला आसरा नाही आणि पोट भरण्याचं साधन नाही, ते ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ ठरतं. त्याचं नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र, किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील प्रसिद्ध करायला कलम ७४ ची मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही, अशी शिक्षा आहे. खोपीतल्या मुलांना आईबाप असतात, तरी त्यांच्याबाबतही हाच नियम पाळलेला बरा. एकटं, हरवलेलं मूल दिसलं तर चित्रण थांबवून १०९८ या क्रमांकावर फोन करावा.

भीक मागणाऱ्या माणसाचा चेहरा दाखवतानाही सांभाळावं लागतं. भीक मागणं गुन्हा ठरवणारा १९५९ सालचा मुंबईचा कायदा पुढं इतरत्रही लागू झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली त्यातली मुख्य कलमं दिल्लीपुरती रद्द केली. तरी हात पसरलेला माणूस चेहऱ्यानिशी पडद्यावर दाखवणं म्हणजे त्याच्याविरुद्ध पुरावा तयार करणं होऊ शकतं.

आणि मानसिक आजारामुळं भरकटलेला माणूस भेटला, तर त्याची परवानगी घेताच येत नाही. तिथं माहितीपटाचं काम संपतं आणि नागरिकाचं सुरू होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं अशा माणसाला संरक्षण देऊन उपचारापर्यंत पोचवण्याची जबाबदारी पोलीस ठाण्यावर टाकली आहे. ठाण्यात जाऊन ते सांगावं. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी यांनी रस्त्यावरच्या अशा रुग्णांवर उपचार करून त्यांना पुन्हा घरी पोचवण्याचं काम केलं आणि त्याबद्दल २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. स्टँडवरच्या त्या माणसालाही कुठंतरी घर असू शकतं, हे त्यांच्या कामानं दाखवून दिलं.

दोन जुने पट

चित्रीकरणाला निघण्याआधी मुलांनी दोन जुने माहितीपट पाहावेत. पहिला लंडनचा, १९३५ सालचा, ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’. एडगर अँस्टी आणि आर्थर एल्टन यांनी तो केला. त्या काळी कॅमेरा आणि ध्वनियंत्र उचलायलाच माणसं लागत. तरी ही मंडळी ती अवजड सामग्री घेऊन गरीब वस्तीतल्या खोल्यांत गेली आणि तिथल्या बायका-पुरुषांना स्वतःच्या तोंडानं बोलू दिलं. गळकी भिंत, उंदीर, जिना, पाणी यांबद्दल ती माणसं सांगतात आणि आपण ऐकतो. रुबी ग्रिअर्सन यांनी त्या लोकांचा विश्वास मिळवला म्हणून ती मोकळेपणी बोलली. या पटाला पैसे गॅस कंपन्यांच्या संघटनेनं दिले होते आणि गॅसची सोय असलेली नवी घरं त्यात कौतुकानं दाखवली आहेत. पैसा कुणाचा, हे पाहायला शिकवणाराही तो पट आहे.

दुसरा आपला, आनंद पटवर्धन यांचा १९८५ सालचा ‘हमारा शहर’. मुंबईतल्या झोपडपट्ट्या आणि पदपथावरच्या झोपड्या पाडल्या जात होत्या, तेव्हाचा. १९८१ साली झालेल्या अशाच कारवाईविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस यांच्यासह काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठानं १९८५ च्या जुलैत निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे तत्त्व त्यातून पक्कं झालं. झोपड्या मात्र वाचल्या नाहीत. पावसाळा सरेपर्यंत त्या हटवू नयेत, इतकाच दिलासा मिळाला. ‘हमारा शहर’मध्ये एक प्रसंग आहे. घर मोडलेली एक बाई दिग्दर्शकालाच खडसावते: आमची चित्रं काढून तुझं नाव होईल, आमचं काय होणार? पटवर्धनांनी तो प्रसंग कापला नाही, पटात ठेवला. चंदगडच्या खोपीसमोर मुलांना हाच प्रश्न कुणी ना कुणी विचारणार. त्याला तयार उत्तर नाही. तो ऐकून घेण्याची तयारी मात्र हवी.

प्रश्न, आवाज आणि कात्री

मुलाखतीत ‘तुम्हाला कसं वाटतं?’ हा प्रश्न विचारू नये. त्यानं माणूस एकतर रडतो किंवा गप्प होतो. साधे, हाताला लागणारे प्रश्न विचारावेत. रात्री पाऊस आला तर पहिल्यांदा काय उचलता? पाणी कुठून आणता? रेशनकार्ड कुठल्या गावचं? पैसे कुठं ठेवता? अशा प्रश्नांच्या उत्तरांत आख्खं आयुष्य येऊन जातं. वेळ त्यांच्या सोयीची निवडावी. तोडणीची मजुरी टनावर मिळते. फडात तासभर बोलत बसवलं तर तेवढ्या मोळ्या कमी पडतात. संध्याकाळी, चूल पेटल्यावर बसणं बरं. बीडची मराठी, चंदगडी बोली, विजापूरकडची कानडी, तांड्यावरची गोरबोली, सगळी कानावर पडेल. ती आहे तशी ठेवावी आणि खाली अक्षरांत अर्थ द्यावा. दुसऱ्याचा आवाज चढवून तिची बोली पुसू नये.

चित्र थोडं हललेलं चालतं, पण आवाज खराब असला तर पट कुणी पाहत नाही. माळावर वारा असतो, स्टँडवर गाड्यांची घरघर. त्यामुळं पैसे खर्च करायचेच तर कॉलरला लावायच्या साध्या मायक्रोफोनवर करावेत. मोबाईल आडवा धरावा, टेकू द्यावा. प्रत्येक जागेचा अर्धा मिनिट नुसता आवाज स्वतंत्रपणे टिपून ठेवावा, संकलनात दोन तुकडे जोडताना तो कामाला येतो. रात्री डोळ्यांवर प्रखर दिवा मारू नये. चुलीच्या, दुकानाच्या उजेडात जे दिसेल ते पुरे. स्टँडच्या आवारात चित्रीकरण करायचं तर आगार व्यवस्थापकांना आधी लेखी अर्ज द्यावा.

चार-पाच तासांचं चित्रण दहा मिनिटांवर आणायचं, तेव्हा आधी कागदावर बसावं. कोण काय बोललं ते लिहून काढावं, खुणा कराव्यात, क्रम लावावा आणि मगच संगणकाकडं वळावं. करुण बासरी आणि व्हायोलिन टाळावं. प्रेक्षकाला केव्हा गहिवरायचं ते संगीतानं सांगायची गरज नसते. निवेदनात ‘बिचारे’, ‘दुर्दैवी’ असे शब्द आले तर खोडावेत. टनाचा दर, खोपीची लांबी-रुंदी, पाण्याचं अंतर असे मोजलेले आकडे तिथं घालावेत. माणूस बेघर आहे म्हणजे तो दिवसभर दुःखीच असतो असं नाही. तो विनोद करतो, मुलाला हिशेब शिकवतो, बायकोशी भांडतो. हेही पटात आलं पाहिजे.

पट झाल्यावर

पहिला खेळ त्यांच्यासाठी करावा. खोपीसमोर चादर बांधून किंवा लॅपटॉपभोवती बसून. त्यांना खटकलेलं दृश्य तिथंच टिपून घ्यावं आणि नंतर काढावं. त्यानंतर कॉलेज, ग्रामपंचायत, स्पर्धा.

आणि एखादी उपयोगाची माहिती त्यांच्या हाती देऊन यावं. उदाहरणार्थ, घर नसलेल्या माणसालाही मतदार यादीत नाव नोंदवता येतं. अर्जात तो जिथं झोपतो ती जागा लिहितो. निवडणूक यंत्रणेचा केंद्रस्तरीय अधिकारी एकाहून अधिक रात्री तिथं जाऊन खात्री करून घेतो, आणि मग राहण्याचा कागदी पुरावा मागितला जात नाही. पत्ता नसलेल्या माणसाचा पत्ता रात्री जाऊन पाहायचा असतो, हे आपल्या निवडणूक आयोगानं नियमात लिहून ठेवलं आहे.

हे सारं माहितीपट करणाऱ्या मुलांपुरतंच नाही. आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. स्टँडवरच्या आजोबांना ब्लँकेट देतानाचा, कुणाला वडापाव देतानाचा व्हिडिओ आपण सहज काढतो आणि सहज पुढं पाठवतो. पुढच्या वेळी मोबाईल वर करण्याआधी त्या आजोबांना एवढंच विचारून पाहावं, ‘आजोबा, काढू का?’ आणि ते ‘नको’ म्हणाले, तर ब्लँकेट द्यावं आणि मोबाईल खिशात ठेवावा.